एकोणीस जणी, तीन स्टुलं

पिंपरीकडच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या कामाला मी लागले, ते साल पंचावन्न की छप्पन, आता नक्की आठवत नाही. आमच्या खात्यात आम्ही एकोणीस बायका. आठ तास उभ्यानं काम. पाय असे सुजायचे की संध्याकाळी चिखलीला घरी पोचेपर्यंत चपला हातात घ्याव्या लागायच्या.

बसायला काहीतरी द्या, असा अर्ज करायचं ठरलं. पुढाकार मास्तरीणबाईंचा. त्यांचे यजमान चिंचवडला शाळेत मास्तर, म्हणून हे नाव. त्यांचं म्हणणं, साहेब आपल्यात फूट पाडायला बघेल, तेव्हा आधी आपली एकी हवी. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी जेजुरीचा भंडारा आणला आणि आम्ही तो उचलून शपथ घेतली: जिची गरज जास्त, ती आधी बसेल. काळेवाडीची एक मुसलमान भाभी आमच्यात होती, सायकल दुरुस्तीवाल्याची बायको, सातवा महिना लागलेला. तिनं भंडाऱ्याला हात लावायचा की नाही, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिनं नुसतं "हो" म्हणावं असं ठरलं. ती हो म्हणाली. एकोणीस जणींत गरज कुणाची जास्त, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

साहेबानं तीन स्टुलं दिली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांवर कुणीच बसलं नाही. आधी तू, नाही, आधी तू, असा नुसता सात्त्विकपणा चालला होता. भाभीलाही आम्ही आग्रह केला. एकटीच कशी बसू म्हणून ती संकोचली, आणि तिचा नकार आम्ही ताबडतोब मान्य केला. जेवणानंतर मास्तरीणबाई एका स्टुलाचा पाय डुगडुगतो का ते बघायला बसल्या. सुट्टीचा भोंगा होईपर्यंत त्या बघतच होत्या.

दुसऱ्या दिवसापासून खात्यात आजारांची साथ आली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, एकीला तर लहानपणी बैलानं मारलेली ढुशी आठवली. मी टाचेचं दुखणं काढलं. कुठली टाच हे ठरवायचं राहून गेलं, त्यामुळे दोन्ही पायांनी लंगडायचे. भाभीचा विषय निघाला की मात्र सगळ्या सुईणी व्हायच्या. पोटुशीनं उभंच राहावं, बाळंतपण सुखाचं होतं, असं आमच्यातली सहा लेकरांची आई सांगायची. सांगायची बसून.

पंधरा दिवसांनी मास्तरीणबाईंनी बैठक घेतली. शपथ नीट पाळली जात नाही, असं त्या कळवळून बोलल्या, आणि तीच शपथ पुन्हा एकमतानं मंजूर झाली. मग भाभीला त्यांनी विचारलं, तुला काही म्हणायचंय का.

"तुम्हा सगळ्यांची दुखणी बरी झाली की सांगा," ती म्हणाली. "मग बसेन मी."

आम्ही हसलो. भाभी किती गमतीचं बोलते, असं एकमेकींना सांगत कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटल्यांचं एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसली. तेवढ्यात साहेब फेरीवर आला. कंपनीचं खोकं बसायला कुणाच्या परवानगीनं घेतलं, असं त्यानं विचारलं. एक जण जरी म्हणाली असती, की आम्हीच तिला बसवलंय, तरी साहेब गप्प पुढे गेला असता. पण आम्हाला आमच्या स्टुलांची काळजी.

मास्तरीणबाई पुढे झाल्या. "आम्ही तिला नकोच म्हणत होतो, साहेब."

साहेबानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. भाभी उठली आणि खोकं उचलून स्वतःच जागेवर नेऊन ठेवलं. वाकताना तिला किती जड गेलं ते मी पाहिलं, स्टुलावर बसून.

आठवड्याभरात तिनं काम सोडलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, एवढं कानावर आलं. काळेवाडीला भेटायला जायचं आम्ही ठरवलं होतं. गेलं कुणी नाही.

पुढे सरकारचा कुणी माणूस तपासणीला आला, आणि त्यानं बजावलं म्हणून सगळ्यांना बाकं मिळाली. त्या दिवशी मास्तरीणबाईंनी एकजुटीच्या विजयावर भाषण केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. भाभीच्या जागी एक नवी मुलगी आली होती, घाबरलेली, कोकणातून नुकतीच आलेली. तिच्या पाठीवर हात ठेवून सहा लेकरांची आई म्हणाली, "काळजी करू नगंस बाई. हितं आमी सगळ्या येकमेकींना धरून हाय."

त्या मुलीला ते खरं वाटलं.