फुफाजींची बिछायत

माझ्या फुफाजींइतका रागावलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि शेजारच्या छत्तीसगडात एखादा सापडलाच, तर तो फुफाजींनीच कधीतरी भडकवून पाठवलेला असणार. फुफाजी म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. देवरीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका गावात त्यांचे बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज असे सगळे भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. या धंद्यात गोड बोलावे लागते, असा सर्वसाधारण समज आहे. फुफाजींनी तो पार खोटा पाडला. गिऱ्हाईक दारात आले की पहिल्यांदा ते त्याच्यावर खेकसत. "लग्न परवा आन् आज येऊन राहिला? पोरगी काय काल जन्मली तुयी?" मांडव मात्र असा बांधून देत, की वादळात घरांवरची कौले उडाली तरी मांडवाचा पडदा हलत नसे.

दुसऱ्याने बांधलेला मांडव त्यांना सहनच होत नाही. माझे लग्न तिरोड्याला, सासरच्या गावी झाले. मांडव तिथल्याच कोणाचा होता. भंतेजी त्रिसरण म्हणत होते, आम्ही दोघे हात जोडून उभे होतो, आणि पाठीमागून आमची नावे लिहिलेला पडदा सरळ आमच्या डोक्यावर आला. मी पडद्यातून वाट काढून बाहेर पाहतो तर फुफाजी हातात दोरीचे टोक धरून उभे, आणि चेहऱ्यावर विजयी संताप. "कच्ची गाठ होती बे! मी ओढली नसती तं जेवनाच्या टायमाले सुटली असती." माझी बायको आजही त्यांच्या पाया पडताना आधी वर बघते.

या रागाला मुळात कारण नव्हते असेही नाही. बुद्धजयंतीला आणि भीमजयंतीला वस्तीत सतरंज्या पुरवता पुरवता त्यांनी धंदा उभा केला. पुढे गावातले लोकही मांडव न्यायला लागले, खुर्च्या न्यायला लागले. गंज मात्र दुसरीकडून आणत. फुफाजी ते बघत आणि विचारत, "माह्या खुर्चीवर बसून जेवता, मंग माह्या गंजातलं वरन काऊन नाई चालत?" समोरचा काहीबाही पुटपुटून निघून जाई. फुफाजी मग ते न वापरलेले गंज बाहेर काढून चिंच लावून लखलखीत घासत, आणि रस्त्याच्या बाजूने, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाचा कवडसा मारतील असे मांडून ठेवत.

मग ऐन लग्नसराईत टाळेबंदी आली. बुक केलेली लग्ने एकेक करून मोडली, म्हणजे लग्ने लागली, मांडव मोडले. पुढे पन्नास माणसांत लग्न करा असा नियम निघाला आणि फुफाजी टीव्हीसमोर उभे राहून बोलायला लागले. मधल्या काळात निवडणुकांच्या सभा सुरू झाल्या, तेव्हा तर त्यांचा आवाज हायवेपर्यंत गेला. "सभेले मैदान भरून मानसं चालते आन् लग्नाले पन्नास? लग्नातल्या मानसाले जास्त खोकला येते का?" आत्याने टीव्ही बंद केला. ते बंद टीव्हीशीही थोडा वेळ बोलत राहिले.

त्याआधी, टाळेबंदीच्या पहिल्याच उन्हाळ्यात हायवेवरून माणसे चालत जायला लागली. नागपूरकडून, हैदराबादकडून, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे, सगळी छत्तीसगडच्या सीमेकडे. एका सकाळी फुफाजींनी गोदाम उघडले आणि रस्त्याच्या कडेला मांडव ठोकला. त्यांच्याकडे लग्नाचेच कापड होते, त्यामुळे लाल-पिवळ्या झालरींचा, दारात "शुभविवाह" लिहिलेला मांडव त्या भकास रस्त्यावर उभा राहिला. पोलीस शिपाई आला. गर्दी जमवता येणार नाही म्हणाला. फुफाजी म्हणाले, "गर्दी मी आनली का? ते रस्त्यानं येऊनच राहिली. मी फक्त सावली धरली." शेवटी शिपाईच सावलीत येऊन पाणी प्याला. त्या वाटसरूंवरही फुफाजी ओरडायचे, "सतरंजीवर चपला नाई!" एकदा अशीच ओरड ऐकून एक बाई बिचकली आणि पाय मागे घेऊ लागली. तिच्या पायांत चपला नव्हत्याच. चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, आणि त्या ओल्या होत्या. "राहू दे, राहू दे माय, बस," असे म्हणून फुफाजी मांडवामागे गेले आणि कितीतरी वेळ विनाकारण एक खुंटी ठोकत राहिले. आत्या ते लखलखीत गंज चढवून भात शिजवत होती. कोणाचे गंज आहेत हे त्या रस्त्यावर कोणी विचारले नाही.

त्या उन्हाने कापड विटले, आणि गोदामात राहिलेल्या सतरंज्या उंदरांनी खाल्ल्या. टाळेबंदी उठली तेव्हा मी बातम्या बघून त्यांना धीर द्यायला फोन केला. "फुफाजी, बाजार पुन्हा वर चाललाय, अर्थव्यवस्था सावरून राहिली." ते म्हणाले, "कोनता बाजार? मी आत्ताच देवरीच्या बाजारातून आलो. अर्धे शटर बंद आहेत." मी म्हटले, हा शेअर बाजार. "म्हंजे दुकान बंद असलं तरी जो वर जाते, तो?" मी हो म्हटले. मग ते म्हणाले, "तू मास्तर आहेस. घरी बसून तुले पगार येत होता. म्हनून तुले अर्थव्यवस्था समजते." फोन ठेवल्यावर मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना, कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

खरा घाव पुढे बसला. हायवेवर एक भलामोठा लॉन उघडला. ज्याच्याकडे पैसा होता त्याने मंदीत जागा घेतली, खुर्च्या घेतल्या, दिवे घेतले, आणि लग्नाचे पॅकेज काढले. फुले, जेवण, फोटो, मांडव, सगळे एकाच ठिकाणी. तालुक्यातल्या लहान बिछायतवाल्यांचे धंदे पटापट बसले. फुफाजींच्या ओळखीच्या एकाने लोखंडी पाईप भंगारात घातले आणि तो नागपूरला एका सोसायटीच्या दारावर रखवालदार झाला. हे ऐकून फुफाजी दिवसभर जेवले नाहीत.

अशात गोंदियाला लहान व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन मेळावा झाला. मी आग्रहाने त्यांना घेऊन गेलो. गार हवेचे सभागृह, आणि मंचावर जाकीट घातलेले एक पाहुणे. ते आपत्तीत संधी शोधा म्हणाले, रडत बसू नका म्हणाले, धंदा ऑनलाइन न्या म्हणाले. फुफाजी उभे राहिले. मी त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता.

"साहेब, मांडव ऑनलाइन कसा बांधाचा?"

सभागृह हसले. पाहुणेही हसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, तुमच्यासाठी सोप्या कर्जाची योजना आहे ना."

"कर्ज नाई पायजे साहेब. मले लग्न पायजे."

आता हशाचा नुसता कल्लोळ झाला. पांढऱ्या केसांचा माणूस लग्न मागतो आहे, हे सगळ्यांनाच भारी गमतीचे वाटले. फुफाजींना आधी हसण्याचे कारण कळले नाही. कळले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच रागाशिवाय पाहिला, आणि तो बघवेना. मग राग परत आला, तेव्हा मला बरे वाटले. "हसू नका! धंदा बंद करा म्हनून तुमी सांगतलं, मी केला. आता उभा करा म्हनता. मोठे धंदेवाले काऊन नाई मेले, सांगा ना! त्यायले पडाले गादी होती. आमाले सतरंजी होती, ते उंदरानं खाल्ली."

 पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि चहाची वेळ झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हात उंचावून ओरडणारे फुफाजी, आणि खाली ओळ, "मेळाव्याला लघुव्यावसायिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद." तो पेपर मी शाळेतच फाडला. फुफाजींनी मात्र तो पाहिला, आणि म्हणाले, "फोटो चांगला आला. डोळे उघडे आहेत."

आता ते साखरपुडे, तेरवी, असे लहानसहान बघतात. या उन्हाळ्यात त्यांच्या शेजाऱ्याने मुलीचे लग्न लॉनवर न करता दारातच करायचे ठरवले. अंगणापुरता मांडव सांगितला होता. फुफाजींनी तो त्याच भाड्यात रस्त्यापर्यंत नेला, नवे कापड लावून. मी आणि बायको गोंदियाहून गेलो. पण कोरोनाच्या त्या दिवसांत लोकांना एक सवय लागली आहे, फोनवर फुलांचे चित्र पाठवायचे आणि घरीच राहायचे. पुढच्या रांगा भरल्या, मागे सगळी नवी कनात आणि रिकाम्या खुर्च्या. फुफाजी दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकावर ओरडत होते, "आत्ता येऊन राहिला? वेळ काय झाला?" एखादा आला की ते जरा सरळ होत, आणि पुन्हा रस्त्याकडे बघत.

थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले. आवाज इतका खाली, की मला आधी वाटले, दुसरेच कोणी बोलते आहे.

"तुमी समोर कायले बसले? मागं बसा ना जरा. मागं लयच रिकामं दिसून राहिलं."

आम्ही उठलो. मी शेवटच्या रांगेत एका टोकाला बसलो, बायको दुसऱ्या टोकाला. थोड्या वेळाने आत्या चुलीजवळून पदराला हात पुसत आली, आमच्याकडे पाहिले, आणि आमच्या दोघांच्या मधोमध, दोन्हीकडे सारखी जागा सोडून बसली.