उंब्रजचे आडनावबंधू

आमच्या उंब्रजच्या आडनावबंधूंइतका स्वतःच्या आडनावावर जीव टाकणारा माणूस कृष्णाकाठाने आजवर पाहिला नसेल. लोकांचा जीव शेतावर असतो, पोराबाळांवर असतो, फार तर एखाद्या जुन्या मोटारसायकलवर असतो. यांचा जीव 'घागरफोडे' या पाच अक्षरांवर. ते माझे नात्याने कोणीच लागत नाहीत. त्यांचं आणि माझं आडनाव एक आहे, एवढंच. पण त्यांच्या हिशेबी रक्ताची नाती ही आडनावाच्या खालच्या पायरीवरची. उंब्रजला हमरस्त्याला लागून त्यांचं पाइप आणि पाणी उपसायच्या मोटारींचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर आडनाव लांबच्या ट्रकवाल्यालाही वाचता येईल एवढं मोठं, आणि मोटारी व पाइप हे शब्द कोपऱ्यात, अंग चोरून उभे. त्यामुळे घागरफोडे ही मोटारीचीच कंपनी आहे असा पंचक्रोशीतल्या बऱ्याच शेतकऱ्यांचा समज झालेला. 'एक पाच एचपीची घागरफोडे द्या' म्हणून गिऱ्हाईक आलं की ते समज दूर करत नसत. उलट खूश होऊन चहा मागवत.

या आडनावाची माणसं थोडी. त्यातून नामवंत किती निघणार? पण आडनावबंधूंची नामवंतपणाची व्याख्या प्रेमळ होती. रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्या एक घागरफोडे बाई होत्या. त्या कांद्याचा भाव सांगू लागल्या की दुकानातल्या गिऱ्हाइकाला हाताने गप्प करून ते मान डोलवत ऐकत, आणि भाव पडलेला असला तरी 'काय सांगत्यात बगा!' म्हणून दाद देत. फलटणकडचा एक घागरफोडे जिल्ह्याच्या क्रिकेट संघात राखीव खेळाडू होता. तो कधीच मैदानात उतरला नाही, पण आडनावबंधूंच्या मते ती संघाची चूक. दूधसंघाच्या निवडणुकीत आपटलेले एक गृहस्थही त्यांच्या नामवंतांत होते. "आवं, त्ये पडले की," असं कुणी म्हटलं की हे शांतपणे म्हणत, "पडायला आदी हुबं ऱ्हावं लागतं." वाईला एक डॉक्टर घागरफोडे आहेत, दातांच्या. त्यांच्याकडे हे दरवर्षी दात दाखवायला जात. यांना स्वतःचा एकही दात नाही. त्या बिचाऱ्या कवळी हातात घेऊन, उलटसुलट करून, "छान आहे, काका," म्हणत, आणि हे आडनावाला साजेसं प्रमाणपत्र मिळाल्यासारखे परतीच्या एसटीत बसत. एकदा तर पेपरात विहिरीवरच्या मोटारी चोरणारा एक घागरफोडे पकडला गेल्याची बातमी आली. घरच्यांना वाटलं, आता हे अंथरूण धरणार. हे पोलीस ठाण्यात जाऊन त्याला केळी देऊन आले आणि म्हणाले, "पोरगं हुशार हाय. मोटार खोलतंय लय सफाईनं. फकस्त लाईन चुकली."

मी स्वतः या आडनावाला लहानपणापासून वैतागलेली. शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं की वर्ग हसायचा, आणि कधीकधी मास्तरही. लग्नानंतर आडनाव बदलायची संधी आली, तेव्हा नोकरीची कागदपत्रं बदलण्याच्या कंटाळ्याने ती गेली. सांगलीत मी शाळेत शिकवते. एका वर्षी आमच्या मुलांनी बसवलेल्या नाटकाला बक्षीस मिळालं आणि पेपरात, आतल्या पानावर, दिग्दर्शिका म्हणून माझं नाव छापून आलं. पुढच्याच रविवारी सकाळी दारात एक उंच, वाकलेले, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उभे. हातात पाइपाच्या कंपनीची पिशवी, पिशवीत शेतातलं ओलं आलं.

"घागरफोडे म्याडम हितंच ऱ्हात्यात न्हवं?" ते म्हणाले. "मी बी त्योच."

घरात माझे वडील होते. नाना आमचे मूळचे आटपाडीकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आलेले. ते खुर्चीत पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली केला नाही. पाहुणे बसले आणि आडनावाची कुळकथा सांगायला लागले. घागरफोड्यांचा मूळपुरुष म्हणे किल्ल्याच्या वेढ्यात रात्रीचा शत्रूच्या छावणीत शिरला आणि त्याने पाण्याने भरलेल्या घागरी फोडल्या. शत्रू तहानेने कासावीस होऊन पळाला. फोडलेल्या घागरी सुरुवातीला शंभर होत्या. चहा येईपर्यंत त्या पाचशे झाल्या. मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि माझं लक्ष नकळत नानांकडे गेलं. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती पाहून आमच्या घरचा चहा नको झालेली माणसं नानांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. पेपरच्या वरच्या कडेवरून ते आता बघत होते. पाहुण्यांनी तसबिरीकडे पाहिलं, हात जोडले, बशीत चहा ओतून फुर्रकन प्यायला आणि म्हणाले, "ताई, आजून घोटभर आसंल तर बगा. आलं आमच्याच रानातलं हाय, च्याला जोर लावतंय."

नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"पावणं," ते म्हणाले, "तुमची घागर लढाईतली. आमची निराळी हाय. ऐकणार?"

"आवं, सांगा की."

"माझ्या आज्याची गोष्ट. आमच्याकडं पाण्याचं हाल. त्यात आमाला पाणवठ्यावर हात लावायची बंदी. वरचं कुणी येऊन ओतंल तवा पाणी, न्हाई तर बसायचं वाट बघत. एकदा उन्हाळ्यात आजा दुपारपतोर बसला. घरात पोर तापानं फणफणल्यालं. कुणी ओतंना. मग त्यानं सोताच घागर बुडवली. लोकांनी ती त्याच्या डोक्यावरच फोडली. पुढं गाव त्याला घागरफोड्या म्हणाय लागलं. माझ्या बापाला शाळंत घातला तवा मास्तरानं तेच आडनाव लिवलं." नाना खुर्चीत पुढे सरकले. "घागर आमची. फोडली दुसऱ्यांनी. नाव मातुर आमाला."

ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं मी ज्या आडनावाला हसण्यावारी वैतागले, त्याच्या पोटात हे होतं. आडनावबंधूंचा दुसरा चहा तसाच निवला. ते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले, मग उठले, नानांना नमस्कार केला आणि निघाले. दारापर्यंत बोलत जाणं हा ज्यांचा स्वभाव, ते मुकाट्याने जिना उतरले. मी म्हटलं, "गेले. आता काही येत नाहीत." नाना म्हणाले, "च्या तर पिला," आणि पेपर पुन्हा उघडला.

ते आले. थोड्याच दिवसांनी, पुन्हा रविवारी, पुन्हा आलं घेऊन. बसायच्या आधीच बोलू लागले. "नाना, मी समद्यांस्नी इचारलं. आमच्या लढाईची गोष्ट कुठनं आली त्ये कुणालाच ठावं न्हाई. किल्ल्याचं नाव कुणी सांगंना. माज्या चुलत्यानं लग्नाच्या बैठकीत रचली आसनार, त्येला ती खोड हुती. मी चाळीस-पन्नास वर्सं फुकट घसा कोरडा केला." एवढं म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. कुळकथा गेली याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आणि ते दुःख घेऊनही त्यांनी पुढचा विषय काढला. उंब्रजला त्यांनी साऱ्या घागरफोड्यांचा मेळावा ठरवला होता. नानांनी यायचं, पहिल्या रांगेत बसायचं.

"मला कशापायी बोलावताय?" नाना म्हणाले. "मी काय नामवंत न्हाई."

"घागरफोडे हायसा की."

"तुमच्या भावकीला इचारलंसा?"

आडनावबंधू पिशवीतलं आलं चाचपू लागले. नाना रागावले नाहीत. "इचारा," ते म्हणाले. "मग या. मी कुणाच्या दारात उभा ऱ्हाऊन आत घ्या म्हणणार न्हाई. ते माझ्या आज्यानं केलं, तेवढं बास."

त्यानंतर उंब्रजला काय झालं ते मला त्यांच्या सुनेकडून कळलं. भावकीची बैठक बसली. थोरले चुलतभाऊ म्हणाले, मेळावा आपल्या माणसांचा, त्यात बाकीचे कशाला? आडनावबंधू म्हणाले, आपली माणसं म्हंजी कोन, त्येच तर मोजायचंय. आवाज चढले. चुलतभावांनी जेवणावळीतून अंग काढलं, निम्मी भावकी त्यांच्या मागे गेली, आणि देवळालगतचं ठरलेलं सभागृह हातचं गेलं. ज्या माणसाने आडनावाच्या एकीसाठी आयुष्यभर एसटीचे धक्के खाल्ले, त्याच्या हातून त्याचीच भावकी फुटली. सून म्हणाली, ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यापलीकडचं मंगल कार्यालय ठरवलं आणि सांगलीची गाडी पकडली.

"इचारलं," दारातूनच ते नानांना म्हणाले. "निम्मी न्हाई म्हनली. निम्मी व्हय म्हनली. व्हय म्हननाऱ्यांत मी हाय. आता तरी येताय?"

नानांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग मला म्हणाले, "माझा पांढरा सदरा इस्त्रीला टाक गं."

मेळाव्याला आम्ही गेलो तेव्हा कार्यालयात खुर्च्या फार आणि घागरफोडे कमी होते. वाईच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बाजारभाववाल्या बाई आल्या होत्या. त्या प्रत्यक्षात अगदी हळू आवाजात बोलत, याचं आडनावबंधूंना वाईट वाटलं. निवडणुकीत पडलेले गृहस्थ भाषणाची तयारी करून आले होते. नाना पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून बसले होते. त्यांचा हात मात्र गुडघ्यावरचा सदरा पुन्हापुन्हा नीट करत होता. कार्यक्रम सुरू झाल्यावर थोरले चुलतभाऊ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले. तिने मला मेळाव्याला न्या म्हणून घरात धरणंच धरलं होतं म्हणे. ती पुढे येऊन बसली, चुलतभाऊ दाराशीच उभे राहिले, आपण आलो नसून फक्त पोचवायला आलो आहोत अशा बेताने.

"आता घागरीची गोष्ट हुंद्या!" मागून कुणीतरी ओरडलं. दरवेळच्या लग्नाकार्यात तीच फर्माईश असायची. आडनावबंधूंनी माइक हातात घेतला, तो किंचाळला, त्यांनी तो दूर धरला. "ती गोष्ट मी आता सांगत न्हाई," ते म्हणाले. "ती आमची नव्हती. खरी गोष्ट ज्येंच्या घरची हाय, ते हितं बसल्यात."

नाना उठले. माइक घेतला नाही. आमच्या खोलीत सांगितली तेवढ्याच शब्दांत त्यांनी गोष्ट सांगितली. ना आवाज चढवला, ना कुणाकडे बोट दाखवलं.  दाराशी उभ्या असलेल्या चुलतभावांनी मान खाली घातली होती. नाना खाली बसणार, एवढ्यात पुढे बसलेली ती म्हातारी म्हणाली, "आवं दादा, मग त्या दिशी त्यास्नी पानी कुनी दिलं?"

नाना तसेच अर्धवट वाकलेले राहिले. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नसावा. कदाचित त्यांनी स्वतःलाही विचारला नसेल. "कुणीच न्हाई," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं घरी आला."

"आन् त्ये तापाचं लेकरू?"

"ते जगलं. माझा बाप तो."

म्हातारी "आगं बया गं" म्हणत उठली. व्यासपीठाच्या टेबलावर पाहुण्यांसाठी तांब्या-भांडं होतं. तिने भांडं भरलं आणि निम्मं पातळावर सांडत नानांसमोर आणून धरलं. नानांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि ते सगळं पाणी प्यायले. मी माझ्या वडिलांना रडताना तेव्हा पाहिलं, त्याआधी कधीच नाही. आता काहीतरी बोलण्याची जबाबदारी आपलीच आहे असं वाटून आडनावबंधूंनी किंचाळणाऱ्या माइकवर जाहीर केलं, "पानी झालं! आता मंडळी, जेवनं!"

भावकी काही लगेच जुळली नाही. चुलतभावांच्या घरच्या पुढच्या लग्नाची पत्रिका आडनावबंधूंना आली नाही, आणि ते त्यांना लागलं. पण त्या दिवसापासून नानांना उंब्रज हे हक्काचं ठिकाण झालं. मनात आलं की ते एसटीत बसत आणि दुकानात जाऊन मोटारी खोलत बसत. दोघे म्हातारे भांडायचे, रुसायचे, एकमेकांच्या चहाला नावं ठेवायचे. निवृत्तीनंतर हळूहळू मिटत चाललेले माझे वडील या माणसाने मला पुन्हा बोलते करून दिले. आणि हजेरीला माझं आडनाव ऐकून नवी मुलं आजही हसतात, तेव्हा मी त्यांना बसवून नानांची गोष्ट सांगते. संकोच कुठल्या कुठे गेला. हे उपकार कसे फेडायचे मला समजत नाही. त्यांना तसं म्हटलं असतं तर त्यांनी आलंच पुढे केलं असतं.

गेल्या वर्षी नानांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. आडनावबंधू सकाळच्या गाडीने येत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. शेवटच्या दिवसांत आत फक्त घरच्यांना सोडत. दारावरच्या नर्सने त्यांना विचारलं, "आजोबा, पेशंटचे तुम्ही कोण?" मी शेजारीच उभी होते. अनोळखी माणसाला, त्याने न विचारता, आपलं आडनाव सांगितल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, ते आता पाटीच्या थाटात ती पाच अक्षरं उच्चारणार, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढली.

"भाऊ," ते म्हणाले. "धाकटा."

नर्सने दार उघडलं. ते आत गेले, आणि मी बाहेरच थांबले. तेवढा वेळ त्या दोघांचा होता.