सहावी ओळ

आमच्या अकोल्याच्या बियाण्यांच्या डेपोत टेबलावरचे फोन बदलले, तेव्हा पहिले दोन दिवस कोणी त्यांना हातच लावला नाही. जुना फोन कसा बरा होता! उचलला, बोललो, आपटला. या नव्याला पडदा होता, काडेपेटीहून जरासा मोठा, आणि त्यात म्हणे इंटरनेट. बसवायला आलेले इंजिनिअर पुण्याचे. "सगळं स्क्रीनवर येतं. वाचायचं आणि बटण दाबायचं," एवढं सांगून ते चहाही न घेता गेले. तेव्हाच मला समजायला हवं होतं की या माणसाने काहीतरी सांगायचं बाकी ठेवलंय.

पडद्याच्या तळाशी 'सिलेक्ट', 'बॅक', 'एक्झिट' असे शब्द उमटायचे आणि त्यांच्याखाली एकेक बटण. कंपनीच्या सूचना, रजा, बदल्या, सगळं आता यावरच येणार असं साहेबांनी जाहीर केलं आणि स्वतः केबिनमधल्या कॉम्प्युटरकडे निघून गेले.

आमच्याकडे एक रीत होती. काहीही कागद आला की अकराच्या चहाला मी तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. पेपर, परिपत्रक, कोणाच्या पुतणीची लग्नपत्रिका, काहीही. ही रीत पडली ती गोडाऊनच्या भाऊंमुळे. भाऊंचे डोळे अधू, आणि चष्मा करायचा तर दवाखान्यात जावं लागतं, म्हणून तो राहिलेला. "तू वाच बाई, मले ऐकू येते ना चांगलं," म्हणायचे. मी वाचलं की ते झालं. पुन्हा कोणी कागद हातात घेऊन पाहत नसे. गरजच काय होती?

फोनवर बदल्यांची यादी आली त्या दिवशीही मी वाचली. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, खामगाव, नागपूर. पाच जागा. पडदा संपला, यादी संपली.

"म्हणजे अमरावती नाहीच," भाऊ म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

अमरावती त्यांनाही हवी होती आणि मलाही. त्यांचं घर चांदूर बाजारला. पोरींची लग्नं झालेली, बायको तिथे एकटी, आणि हे अकोल्यात एका खोलीत स्वतःच्या हातच्या पोळ्यांना शिव्या देत जेवायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझं घर अमरावतीत. सात वर्षं रोज रेल्वेने अप-डाऊन. मुलगी त्या वर्षी दहावीत गेली होती. शाळेतून येऊन स्वतःच कुलूप काढायची, थंड भाजी खायची, आणि मी पोचेपर्यंत तिचं अर्धं बोलणं मैत्रिणींना सांगून संपलेलं असायचं. मला उरलंसुरलं मिळायचं. त्याचा मला भयंकर राग यायचा, आणि राग काढायचा कोणावर, तर तिच्यावरच.

दुपारी डबा सांडला. आमटी फोनपर्यंत पोचली. मी फडक्याने खसाखसा पुसायला गेले आणि बोटाखाली खालच्या बाणाचं बटण दाबलं गेलं. पडद्यावरची यवतमाळची ओळ वर सरकून नाहीशी झाली आणि खालून एक नवीन ओळ आली. अमरावती. एक जागा. अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाच.

अगं माय! मी इकडे-तिकडे पाहिलं. चोरासारखं पाहिलं, खोटं कशाला बोलू? नियम मला पाठ होता, कारण तोही मीच वाचला होता: दोघांनी अर्ज केला तर जागा वयाने आणि नोकरीने मोठ्याला. भाऊंनी अर्ज केला की माझा विषय संपला.

मी 'सिलेक्ट' दाबलं. पडद्याने विचारलं, अर्ज पाठवायचा? हो, नाही. तेवढ्यात मिरचीचं बियाणं घ्यायला तिवशाकडची एक मावशी दारात उभी. आता आलेल्या माणसाकडे पाठ करून पडद्याकडे बघायची आमच्यात पद्धत नाही. उठले, पाणी दिलं, रोपं कशी आहेत, सून कशी आहे, सगळं विचारलं. परत येऊन पाहते तर फोनवर घड्याळ! जरा वेळ बटण दाबलं नाही की हा बह्याड सगळं विसरून जायचा. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा यादी, पुन्हा खाली, पुन्हा 'सिलेक्ट'.

दुसऱ्यांदा भाऊच आले. शेंगदाणे आणले होते भाजून, कागदाच्या पुडीत. माझ्या टेबलावर पुडी ठेवून म्हणाले, "बाई, यादी तेवढीच हाय ना? मंग आता यंदाचं झालं."

"जेवढी वाचली तेवढी, भाऊ," मी म्हटलं.

शब्द किती साळसूद! ते मान हलवून गेले. मागे वळून पाहिलं तर पुन्हा घड्याळ. तिसऱ्या वेळी मी दार लोटलं आणि 'हो' दाबलं. पाचला दहा कमी होते.

बदलीचा कागद आला तेव्हा डेपोत सगळ्यांना नवल वाटलं. "मागाहून जागा निघाली असन," असं भाऊंनीच सगळ्यांना समजावलं. मी दोन रात्री नीट झोपले नाही, हे खरं. पण मुलीला सांगितलं तेव्हा तिने स्वयंपाकघरात जी उडी मारली, त्यापुढे माझी लाज टिकली नाही, हेही खरंच.

शेवटच्या दिवशी साहेबांनी कचोऱ्या मागवल्या. भाषणं झाली, नारळ झाला. मी पिशवी भरत होते तेव्हा भाऊ खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. खिशातून चक्क नवा चष्मा काढला.

"आता तू चालली. मंग वाचन कोन? दवाखान्यात गेलो, करून घेतला. हे यंत्र कसं चालते, ते शिकवून जाय मले."

मी सूचनांचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पाच ओळी झाल्या. "बस? संपलं?"

काय करणार? "हा बाण दाबा," मी म्हटलं.

त्यांनी दाबला. वरची ओळ गेली, खालून सहावी आली. पुन्हा दाबला, सातवी. आधी हसले, एखाद्याला जादू दिसावी तसे. मग बोट थांबलं. वर गेले, पुन्हा खाली आले. ओळी मोजल्या.

"हे पहिलेपासूनच असं सरकत होतं?"

"हो, भाऊ."

"अमरावती खाली होती काय?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं, मुलीचं, दहावीचं काही सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"तुनं वाचलं असतं तं मीच म्हटलं असतं, तू घे म्हणून," ते म्हणाले, आणि गोडाऊनकडे गेले.

आता मी संध्याकाळी सहाला घरी असते. मुलगी बोलत असते, मी ऐकत असते. ते खरंच तसं म्हणाले असते का, हे मात्र मला आता कधीच कळायचं नाही.