पाठपोट

शाईचा वास आला की मला जयपूरच्या सोडाला भागातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी तिथे गेले होते. शेजारीण मराठीच, पण जन्मापासून तिथलीच. आम्ही मिळून गोष्टी लिहायचो, कागदाच्या पुढच्या बाजूला ती आणि मागच्या बाजूला मी. लसणाच्या चटणीशेजारी ओट्यावर पानं वाळत पडायची. पहिली गोष्ट एका मासिकाला पाठवली आणि संपादकांचा फोन आला. गोष्ट आवडली, पण एका गोष्टीला दोन नावं शोभत नाहीत, जिची मराठी चांगली आहे तिचंच टाकू, असं ते म्हणाले. शेजारीण जवळच उभी होती, मी तिला ते सांगितलं. "तुमचंच द्या ना दीदी. माझी मराठी मतलब अर्धीच आहे." मी फोनवर म्हटलं, "तिची बाजू काढायची तर कागद फाडावा लागेल, मग माझीही उरणार नाही. एकच नाव हवं असेल तर 'पाठपोट' टाका, नाहीतर गोष्ट परत पाठवा." त्यांनी परत पाठवली. आम्ही त्याच नावाने दुसरीकडे धाडली, मग तिसरीकडे, आणि तिथे ती छापून आली. आता मी नाशिकला असते. आज सकाळी जयपूरहून तिचं पाकीट आलं. पानाची पुढची बाजू गच्च भरलेली होती, मागची कोरी. मी भाजी चिरणं बाजूला ठेवलं आणि पेनात शाई भरली.