कडी लावलेले रुपये

लोणावळ्याची अकबरी घरोघर बांगड्या भरायची. पुरुषांची ओसरी ओलांडून थेट चुलीपर्यंत जायचा तिला मान होता. हात तिच्या हाती देऊन बायका मनातलं सगळं बोलायच्या. कुणाला डाग-दागिना करायचा असला की अकबरी तिला दत्तोबा सोनाराकडे न्यायची, आणि दत्तोबा गुपचूप तिच्या हातावर चार आणे ठेवायचा. बायकांना हे ठाऊक नव्हतं.

वळवणच्या लीलाबाईकडे आईनं दिलेले राणीछाप चांदीचे रुपये होते. तिला त्यांतून स्वतःची म्हैस घ्यायची होती.

"पर ह्यांच्या हाताला लागलं तर तमाशात जातील, मावशी."

"मग कड्या लावून माळ कर. गळ्यातल्याला न्हाई हात लावायचा तो."

सल्ला खोटा नव्हता. पण तो देताना अकबरीच्या डोळ्यांपुढं चार आणे होते. माळ दत्तोबाकडेच झाली.

रिझर्व्ह बँक निघून सहा वर्षं झाली असतील. लढाई चालू होती, चांदीची चणचण होती. सरकारनं राणीछाप रुपये परत मागवले. लीलाबाईनं म्हैस ठरवली आणि माळ घेऊन वडगावची कचेरी गाठली. अकबरी सोबत होतीच.

"नुसते रुपये असते तर एकास एक बदलून दिले असते," कारकून म्हणाला. "कडी जोडायला डाक दिलेला रुपया चालत नाही. वजनावर सोनाराला द्या."

"पर राणीनं काय केलं वो?"

"राणी मरून चाळीस वर्षं झाली, बाई. आता नोटा आल्या, रिझर्व्ह बँकेच्या."

दत्तोबानं माळ तोलली. मूळ रुपयांच्या निम्म्याहून थोडे जास्त आले. त्यात म्हैस बसत नव्हती.

"तुमी व्हता म्हणून बरं, मावशी," लीलाबाई म्हणाली. "एकलीला कुणीबी फशिवलं असतं."

अकबरीला पदर तोंडाशी धरावासा वाटला. तेवढ्यात दत्तोबानं सवयीनं तिच्या हातावर चार आणे ठेवले. "हे तुमचे, नेहमीचे."

लीलाबाईनं पाहिलं. "माळ केली तवाबी?"

अकबरीनं होकाराची मान हलवली आणि नाणं तिच्या नोटांवर ठेवलं. लीलाबाईनं ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

"असू द्या. तुमचं हाय."

संक्रांतीला अकबरी वळवणला गेली. लीलाबाईनं हात पुढं केला, बांगड्या भरून घेतल्या, पैसेही दिले. फक्त घोंगडी तिनं ओसरीवरच अंथरली होती.