दोरीबाहेरचे डॉक्टर

आमचे हे, डॉक्टर शशिधर, स्वभावाने असे की सिग्नल लाल असला तर रिकाम्या रस्त्यावरही थांबतील. इंग्लंडात रीडिंग शहराच्या पलीकडच्या एका गावात आम्ही राहायला गेलो आणि लवकरच यांना कॉलेजच्या मॅचचे डॉक्टर केलं. मान कसला डोंबलाचा, रक्त पुसायचं काम.

मॅच म्हणजे गावातल्या दोन कॉलेजांची दर डिसेंबरातली फुटबॉलची झुंज. मैदान कुणाचं यावरून पणजोबांच्या काळात हाणामारी झाली, तीच पुढे खेळ म्हणून चालू राहिली. रेफ्री असायचा, पण शोभेला. एका साली कुणीतरी डॉक्टरच्या कोटात दांडगा गडी आत घुसवला होता म्हणे. तेव्हापासून मैदानाभोवती दोरी बांधतात, आणि पडलेल्या पोराच्या कॅप्टनने हात वर केल्याशिवाय डॉक्टरने ती ओलांडायची नाही. ओलांडलीच, तर ज्याच्यासाठी ओलांडली त्याचं कॉलेज हरलं.

यांना त्या नियमाचं कोण कौतुक. सकाळीच बॅग भरायचे, थर्मासमध्ये थंड दूध घ्यायचे. पडलेला दात दुधात ठेवला तर परत बसवता येतो. यांनी फुटलेल्या भुवया शिवल्या, वाकडी नाकं सरळ केली, एकदा तर एका पोराच्या गालातून आरपार आलेला दात काढला. मी म्हणायची, "अहो, हा खेळ आहे की खाटीकखाना?" हे म्हणायचे, "रीत आहे त्यांची. आपण कोण मोडणारे?"

१९९२ साली आमचा उदयच कॅप्टन झाला. निघताना म्हणाला, "बाबा, मी हात वर नाही केला तर आत यायचं नाही. प्रॉमिस?" यांनी मान डोलावली. माझा जीव तेव्हाच अर्धा झाला.

शेवटी शेवटी बरोबरी होती. उदय हेडरला उडाला आणि समोरच्या धिप्पाड पोराचा गुडघा त्याच्या जबड्यावर बसला. लाकूड फुटावं तसा आवाज दोरीपर्यंत आला. उदय चिखलात उताणा पडला. खेळ थांबला नाही. एक बूट त्याच्या छातीवरून गेला, दुसरा बोटांवरून. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आणि हे बॅग घेऊन दोरीशी उभे, मैदानभर कुणाचा हात वर होतो का ते बघत.

आग लागो त्या मेल्या रीतीला. "अहो, कुणाचा हात बघताय?" मी ओरडले. "कॅप्टन तोच आहे."

हे दोरीखालून घुसले. उदयच्याच कॉलेजच्या एकाने यांना छातीवर धक्का दिला, दुसऱ्याने कोपर हाणलं. चष्मा फुटला, कपाळ फाटलं. जन्मात माशी न मारलेल्या माझ्या नवऱ्याने त्या दुसऱ्याच्या नाकावर ठोसा दिला. मग चिखलात बसून उदयला कुशीवर वळवलं, घशात अडकलेले दात आणि रक्ताच्या गुठळ्या बोटांनी काढल्या. उदयने घरघरत श्वास घेतला. मॅच गेली. परतताना लोक यांच्या अंगावर थुंकले.

उदयचा जबडा तारांनी बांधला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो तर हे वॉर्डच्या दाराशीच थांबले, कपाळाला टाके. "तू जा. मी त्याला दिलेला शब्द मोडलाय." मी ओढून पाहिलं, पण हे हलेनात.

उदयने आमच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. मला वाटलं, आता तोंड फिरवतो. मग सुजलेल्या, पट्ट्या बांधलेल्या बोटांचा हात त्याने हळूहळू वर केला.

हे आत गेले.