पदराआडचा चेहरा

पंचावन्न सालच्या सुमारास हरिभाऊ मास्तरांनी जुना डबा कॅमेरा घेतला, तेव्हा वर्ध्यातल्या त्यांच्या शाळेत सगळ्यांनी हौसेनं फोटो काढून घेतले. फोटो आल्यावर सगळ्यांची हौस फिटली. कुणाचं डोकंच गेलेलं, कुणाच्या खांद्यातून विजेचा खांब उगवलेला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण फोटोच्या हौसेला नजर लागते. ती मास्तरांकडे नव्हती.

कॅमेरा घेतला होता तो बाईसाठी. बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, सेलूची आनंदाबाई. हरिभाऊ रांगत होते तेव्हा त्यांची माय गेली. तिचा एकही फोटो नव्हता. बाईनं या भावाला सासरी नेऊन वाढवलं. लहानपणी तो विचारायचा, "माय कशी दिसे?" बाई म्हणायची, "चांगली दिसे," आणि भाकर थापायला लागायची. आता बाईचेही केस पांढरे झाले होते. मायचा चेहरा हरवला तसा हिचा हरवू नये, एवढंच मास्तरांना हवं होतं.

आणि नेमका तिचाच फोटो निघेना. रविवारी मास्तर सायकल मारत सेलूला जायचे, भर दुपारी बाईला अंगणात उभी करायचे. जितकं ऊन जास्त तितका फोटो चांगला, असा त्यांचा हिशेब. फोटोत लुगड्याचे काठ स्वच्छ, बांगड्या स्वच्छ, आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी काळा डाग.

"बाई, पदर जरासा मांगं घे ना."

"मामंजी बसले हायेत ओसरीवर."

मामंजी म्हणजे तिचे सासरे अण्णाजी. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचा बैलही दिसत नसे.

"त्याईले कुठी दिसते?"

"त्याईले नाई दिसत. मले तं दिसते."

मास्तरांनी तसाच फोटो काढला.

शेवटी मास्तरांच्या बायकोनं, सुमतीनं, ऐकवलं. "तुम्ही त्या डब्यात पाहता. माणसाकडे कधी पाहता?" मास्तरांनी राग भाजीवर काढला, पण शब्द लागला होता. मग ते कॅमेरा घरी ठेवून पाहू लागले. वर्गात खिडकीजवळच्या पोराचा एकच गाल उजळ का? वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराजवळून कुणी गेलं, की क्षणभर त्याचं तोंड खुलतं कसं? शेजारच्या प्रभाकररावांनी एकदा विचारलंच, "मास्तर, आमच्या दोरीकडे काय पाहून राह्यले?"

कापूस घरी आला त्या दिवसांत मास्तर कॅमेरा घेऊन सेलूला गेले. अंगणात कापसाची गंजी लागली होती. बाई तिच्यापाशी बसून काडीकचरा निवडत होती. पदर तसाच, ऊनही दुपारचंच. पण कापसावर पडलेला उजेड खालून वर चढून थेट पदरात शिरला होता. कपाळावरचं गोंदण, ओठावरचा तीळ, सगळं दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गंजी दर हंगामात तिथेच असायची. फोटोत पसारा नको म्हणून मास्तरच बाईला तिच्यापासून दूर नेऊन उभी करायचे.

"बाई, निवडतच राह्य. माह्याकडे पाहू नोको."

फोटो तयार झाला तसे मास्तर तो घेऊन गेले. बाईनं हात पुसले, फोटो लांब धरला, मग जवळ धरला. पुन्हा लांब धरला. मास्तर पुढे सरकले.

"नाई आवडला?"

"आरशात मी कुंकवापुरतं कपाळ पाह्यतो," बाई हळूच म्हणाली. "पुरं तोंड कधी पाह्यलंच नाई. हे मी नाई रे हऱ्या. हे माय व्हय. अशीच दिसे."

तिनं फोटो त्यांच्या हातात दिला. "लहानपणी इचारे ना तू? पाह्य आता."

मास्तरांनी पाहिलं. पायरीवर बसून हा एवढा मोठा मास्तर लहान पोरासारखा रडला.

"कोन रडून राह्यलं व?" ओसरीवरून अण्णाजींनी विचारलं.

"कोनी नाई, मामंजी," बाई म्हणाली, आणि तिनं पदर नेहमीपेक्षा जरा जास्तच पुढे ओढला.